दिवाळीनंतरही फुलती बाग: मार्गशीर्षासाठी काय लावावे, केव्हा खुडावे, कुठला दिवा बंद करावा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी आणि वर थोडी गच्ची आहे. दसरा-दिवाळीला झेंडू भरभरून आला, आता झाडे खालून वाळत चालली आहेत. शेवंतीच्या कुंड्यांत नुसता पाला, कळीचा पत्ता नाही. गुलाब काठीसारखा उंच गेला आहे आणि शेंड्याला एखादे फूल येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला घरचे फूल मिळावे आणि संक्रांतीपर्यंत बाग सुनी पडू नये, तर कोणती झाडे लावावीत?

झाडांची नावे पुढे येतीलच: शेवंती, कोरांटी, अबोली, कुंद, झेंडूची दुसरी लावण, ॲस्टर आणि वेळेवर छाटलेला गुलाब. पण नुसती यादी घेऊन रोपवाटिकेत गेलात तर पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा पडेल. शरद सरताना फुलणाऱ्या झाडांचे फूल श्रावण-भाद्रपदातच ठरलेले असते. शेवटचा शेंडा कधी खुडला, रात्रीचा अंधार सलग मिळाला का, आणि पाऊस थांबल्यावर कुंडीतली माती कशी सांभाळली, या तीन गोष्टींवर बहुतेक सगळे अवलंबून असते.

सर्वांत आधी शेवंती, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. ही लहान दिवसांची वनस्पती आहे. म्हणजे रात्र मोठी होत गेली की ती कळी धरते. पुण्यात २१ जूनच्या सुमारास रात्र पावणेअकरा तासांची असते, सप्टेंबरअखेर बारा तासांची आणि २१ डिसेंबरला तेरा तासांची. पानांना हा अंधार सलग मिळावा लागतो. मध्येच उजेड पडला की झाडाच्या लेखी रात्र मोडते आणि ते पाने वाढवत राहते. त्यासाठी मोठा प्रकाशही लागत नाही. बाल्कनीतला रात्रभर चालू राहणारा एलईडी, समोरच्या रस्त्यावरचा दिवा, जिन्यातली ट्यूब, यातले काहीही पुरते. वसुबारसेला लावलेला आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज रात्रभर पेटत असेल आणि शेवंतीची कुंडी बरोबर त्याच्याखाली असेल, तर कळ्या तिथेच अडकतात.

हे अडकणे ओळखता येते. शेंड्याकडे जवळून पाहा. कळी वाटाण्याएवढी होऊन थांबलेली असते, तिच्या लगेच खालची पाने नेहमीसारखी कातरलेली नसून अरुंद, पट्टीसारखी सरळ निघालेली असतात आणि त्या पानांच्या बगलेतून नवे फुटवे वर जाऊ लागतात. कळी धरली आणि मग अंधार मोडला, असा याचा अर्थ. कळीच धरली नसेल तर शेंड्याला साधी कातरलेली पानेच दिसतील. दोन्हींवर उपाय एकच. कुंडी रात्री पूर्ण अंधार मिळेल अशा जागी हलवा. ते शक्य नसेल तर संध्याकाळी ६ ते सकाळी ८ या वेळात तिच्यावर दाट काळे कापड दोन पदरी करून टाका. कापड पानांना चिकटू नये म्हणून चार काठ्या रोवून घ्या. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे रोज करायचे. रविवारी राहिले, सोमवारी केले असे चालत नाही. आज सुरुवात केली तर जातीनुसार आठ ते दहा आठवड्यांनी फूल येईल, म्हणजे यंदाचा मार्गशीर्ष बहुतेक हुकला, पण संक्रांत-रथसप्तमीला बाग पिवळी-पांढरी होईल.

शेंडे खुडण्याच्या तारखा पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. जून-जुलैत जुन्या झाडाच्या कोवळ्या शेंड्यांचे ७-८ सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत, खालची पाने काढावीत आणि ओलसर, धुतलेल्या वाळूत सावलीत लावावेत. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. मग एक तुकडा ६ इंची कुंडीत आणि ऑगस्टमध्ये मातीचा गड्डा न फोडता १० इंची कुंडीत. रोप कुंडीत बसून चार आठवडे झाले की वरचा ३-४ सेंटिमीटरचा शेंडा नखाने खुडायचा. तीन आठवड्यांनी बाजूच्या फांद्यांचे शेंडे खुडायचे. शेवटची खुडणी ऑगस्टअखेर. गौरी-गणपतीच्या गडबडीत राहून गेली म्हणून सप्टेंबरअखेरीस खुडली, तर धरू पाहणारी कळीच तुमच्या नखात येते. न खुडता सोडली तर एकच उंच काठी आणि वर चार फुले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने काढलेल्या काही बुटक्या, लहान फुलांच्या जाती खुडणीशिवाय आणि आधाराशिवाय आपोआप गोल भरतात. कुंडीसाठी त्या मिळाल्या तर जरूर घ्या. वेणी-हारासाठी आपल्याकडे शेतात लावतात त्या राजा, झिपरी, रेवडी यांसारख्या जाती गच्चीवर चांगल्या येतात, पण त्यांना बांबूच्या काडीचा आधार हवा.

शेवंतीवर या दिवसांत दोन रोग-किडी हमखास येतात. पहिला काळा मावा. तो कळीच्या खालच्या देठाला चारी बाजूंनी चिकटून बसतो. हात लावला की बोट चिकट आणि काळपट होते. सुरुवातीला सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढला तरी पुरते. नाहीच गेला तर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरते १ मिली द्रवसाबण घालून, उन्हे उतरल्यावर फवारावे. आठ दिवसांनी पुन्हा. उमललेल्या फुलांवर मात्र फवारू नका, पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. दुसरा त्रास पानांवरचे काळे ठिपके. हे नेहमी खालच्या पानांपासून वर चढतात, कारण बुरशी मातीत आणि पडलेल्या पानांत असते आणि पाणी घालताना उडणाऱ्या थेंबांबरोबर पानांवर जाते. झारीने वरून अंघोळ घालणे बंद करा, पाणी थेट बुंध्याशी द्या, डागाळलेली पाने काढून कचऱ्यात टाका. ती कंपोस्टमध्ये जाऊ देऊ नका.

आत्ता लगेच फुले हवी म्हणून रोपवाटिकेतून फुललेली शेवंती आणणार असाल तर एक तृतीयांश फुले उमललेली आणि बाकी कळ्यांना रंग दिसणारा, असे झाड निवडा. गच्च हिरव्या कळ्यांचे झाड घरी आल्यावर जागाबदल आणि कमी उजेडामुळे पुष्कळदा पुढे उमलत नाही. ही झाडे बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात असतात. कोकोपीट वरून ओले दिसते आणि आत सुकलेले असते, तर कधी नेमके उलट. पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा. फुले संपेपर्यंत कुंडी बदलू नका. अशा झाडांना अनेकदा वाढ रोखणारे द्रव्य दिलेले असते, म्हणून पुढच्या वर्षी तेच झाड दुप्पट उंच झाले तर जात बदलली असे समजू नका.

आता उन्हाकडे वळू, कारण दक्षिणेच्या बाल्कनीत याच महिन्यांत चूक होते. पुण्यात जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, थोडा उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणजे पावसाळ्यात सावलीत असलेल्या तुमच्या बाल्कनीत आता ऊन आत शिरते. पण कठडा भिंतीचा आणि ३ फूट उंच असेल तर दुपारी त्याची सावली पावणेतीन फुटांपर्यंत पडते. फरशीवर कठड्याला लागून ठेवलेल्या कुंड्या त्या सावलीतच बसतात, आणि माणसाला मात्र बाल्कनी उन्हाने भरलेली दिसते. फुलझाडे स्टँडवर किंवा विटांच्या थरावर उचलून कठड्याच्या उंचीला आणा, नाहीतर भिंतीकडे मागे सरकवा. उत्तरेच्या बाल्कनीला सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर थेट ऊन मिळतच नाही. तिथे या दिवसांत फुलझाडांचा हट्ट धरू नये.

कोरांटीला आपण फार गृहीत धरतो. कुंपणाला कुठेही उभी असते म्हणून कोणी मुद्दाम लावत नाही. पण पाऊस ओसरल्यापासून पौषापर्यंत इतक्या कमी मेहनतीत फुलणारे दुसरे झुडूप क्वचितच असेल. पिवळी काटेकोरांटी, जांभळी, गुलाबी, पांढरी आणि जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची असे प्रकार मिळतात. पूजेला चालते, वास नाही. बोचणारे काटे पिवळीला असतात, म्हणून बाल्कनीत जांभळी किंवा पांढरी बरी. १२ इंची कुंडी आणि चार-पाच तास ऊन पुरे. फुले संपल्यावर फेब्रुवारीत जमिनीपासून फूटभर ठेवून छाटावी, जून-जुलैत एकदा शेंडे खुडावेत आणि नारळी पौर्णिमेनंतर कात्री लावू नये. तिची फुले त्या वर्षीच्या फांद्यांच्या टोकाला आणि वरच्या पानांच्या बगलेत येतात. दसऱ्याच्या साफसफाईत माळी कुंपण सरळ रेषेत कापतो आणि नेमका तोच भाग जातो, मग कोरांटी फुलत नाही अशी तक्रार होते. फुले गळल्यावर तुरे लगेच काढा, म्हणजे बाजूचे तुरे चांगले भरतात. बी हवे असेल तर दोन-चार तुरे ठेवा, पण बोंडे वाळली की फुटून बी लांब उडते, तेव्हा आधीच कागदी पिशवी बांधा.

अबोलीला पुण्याची थंडी तितकीशी मानवत नाही. रात्रीचे तापमान १५ अंशांखाली गेले की नवे तुरे कमी होतात, पाने किंचित तांबूस पडतात. तरीही कार्तिकभर आणि मार्गशीर्षाच्या पूर्वार्धात ती फुलतेच. कोकणात आणि गोव्यात तर हिवाळाभर वेण्यांना पुरते. पुण्यात ती पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीशी ठेवावी, कारण दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. फुले तुऱ्याच्या खालून वर उमलत जातात. वरचे टोक संपले की तुरा देठासह कापा. तो तसाच ठेवला तर झाड बी भरत बसते. दिल्ली अबोली म्हणून मिळणाऱ्या गडद केशरी जातीला बी धरत नाही, ती छाटकलमानेच, म्हणजे फांदीचा तुकडा लावूनच वाढवतात. नारिंगी झाक हवी असेल तर हीच घ्या. पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर ती लोहाची कमतरता आहे. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मातीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) १ ग्रॅम प्रति लिटर असे पानांवर पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा, आणि जमेल तेव्हा साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी द्या. झाड खुजे राहिले, दुपारी मान टाकते आणि खतानेही सुधारत नाही, तर एक मूळ उकरून पाहा. त्यावर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी आहेत. ते झाड मातीसकट काढा, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. नवीन लावताना १२ इंची कुंडीला ५०-६० ग्रॅम नीमपेंड मातीत मिसळा.

झेंडूबद्दल बहुतेकांची समजूत असते की दिवाळी झाली, झाड उपटायचे. जूनमध्ये लावलेले झाड खरोखर थकलेले असते, ते काढाच. पण ऑगस्टमध्ये लावलेले असेल तर ते अजून महिना-दीड महिना फुलू शकते, अट एवढीच की फूल काढण्याची पद्धत बदलायला हवी. तोरणासाठी नुसते बोंड खुडतो तेव्हा लांब देठ मागे उरतो, तो सडतो आणि बुरशी खाली उतरते. जुन्या झालेल्या फुलाच्या पाकळ्या तेवढ्या ओढल्या तर खालचा हिरवा पेला तसाच राहतो, आणि बी त्या पेल्यातच भरते. बी भरू लागले की नवी कळी मंदावते. कात्रीने देठ खाली पहिल्या पानांच्या जोडीपर्यंत कापा. तिथूनच दोन फुटवे निघतील. मार्गशीर्षासाठी मुद्दाम लावण करायची तर बी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरावे. चार-सहा दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांनी रोप हलवता येते आणि पुढे दीड-दोन महिन्यांत फूल लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा नारंगी ही जात मोठ्या फुलांची, पण वेळ घेणारी आहे. कुंडीला बुटका मखमली झेंडू सोयीचा, लवकर येतो.

पानांवर बारीक पांढुरके टिपके आणि शेंड्याकडे कोळ्यासारखे जाळे दिसले तर ती लाल कोळी आहे. पाऊस थांबून हवा कोरडी आणि धुळकट झाली की झेंडू, गुलाब आणि शेवंतीवर ती चढते. पानांच्या खालच्या बाजूने सलग तीन-चार सकाळी पाण्याचा फवारा मारला तर बरीच आटोक्यात येते. नाहीतर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर. गंधक आणि कडुनिंबाचे तेल यांत किमान दोन आठवडे अंतर ठेवा, नाहीतर पाने करपतात. तसेच दुपारचे तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक फवारू नका.

गुलाब उंच काठीसारखा झाला कारण ऑक्टोबरची छाटणी राहिली. महाराष्ट्राच्या पठारावर पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण १० ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान छाटावे, ४५ ते ५० दिवसांनी फुले मिळतात. चार-पाच कुंड्या असतील तर सगळ्या एकाच दिवशी छाटू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने छाटल्या तर फुले महिनाभर पुरतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून फुटवा निघतो त्या उंचवट्याच्या) वर ५-६ मिलिमीटर, तिरका काप. पेन्सिलीपेक्षा बारीक, वाळक्या आणि आतल्या बाजूला एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढा. मुख्य फांद्या दीड-दोन फूट ठेवा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली पेस्ट त्याच दिवशी लावा. न लावल्यास फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते. यंदा उशीर झाला असला तरी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हलकी छाटणी चालेल, फुले जानेवारीच्या सुरुवातीला येतील. पूर्वी छाटणीआधी मुळे उघडी करून आठ-दहा दिवस उन्हात ठेवत. जमिनीतल्या जुन्या झाडाला ते सोसते, कुंडीतल्या झाडाला करू नका.

कुंद सध्या तुमच्याकडे नसेल तर तो जरूर आणा. मोगरा-जुई मिटल्यावर, भर थंडीत पांढरे फूल देणारा तोच. सुगंध अगदी मंद, पण टोकाकडे किंचित गुलाबी छटा असलेल्या कळ्यांचे झुबके पाहिले की दातांना कुंदकळ्यांची उपमा का दिली असेल ते कळते. १४ इंची कुंडी, पाच-सहा तास ऊन आणि जाळीचा आधार. छाटणी फुले संपल्यावर, फाल्गुनात. पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी मातीत दाबून ठेवली तर मुळे धरते, रोप विकत घ्यावे लागत नाही.

ॲस्टरची रोपे आत्ता लावली तर जानेवारीत फुलतील. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश मालिकेतल्या पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या जाती आपल्या हवेला सरावलेल्या आहेत. गेल्या वर्षी ॲस्टर मर लागून मेला असेल तर त्याच मातीत पुन्हा लावू नका, बाकी याला फार काही लागत नाही. बोगनवेलीला आता पाणी कमी करा, पाने किंचित मलूल झाल्यावरच द्या आणि नत्राचे खत थांबवा, रंग आपोआप येईल.

सोसायटीच्या आवारात एखादे झाड लावायची संधी असेल तर देवकांचन लावा. पण विकत घेताना फसगत होते. देवकांचन पानांसकट ऑक्टोबर ते डिसेंबर फुलतो, रक्तकांचन पाने गळल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये. रोपांची पाने जवळपास सारखीच दिसतात. फूल आलेल्या झाडाखालून बी गोळा करणार असाल तर फूल उघडून पाहा. देवकांचनात कार्यक्षम पुंकेसर तीन, रक्तकांचनात पाच. बुचाच्या फुलांचा वास या दिवसांत पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर पहाटे दरवळतो आणि तो लावायचा मोह होतो. पण तो खूप उंच जातो, लाकूड ठिसूळ असते आणि मुळांतून फुटवे काढतो. इमारतीजवळ नको.

राहिली माती. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतले नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) वाहून गेलेले असते आणि वर कडक पापुद्रा धरलेला असतो. त्यावर घातलेले पाणी कडेने सरळ खाली उतरते, मधला गड्डा कोरडाच. तळातून पाणी आले म्हणजे पोचले, असे समजू नका. खुरप्याने वरची इंचभर माती मुळे न दुखवता मोकळी करा, १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर नीमपेंड घालून पुन्हा झाका. त्यानंतर १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड १ लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, त्यात दहापट पाणी घालून, दर दहा दिवसांनी कुंडीला अर्धा लिटर द्या. कळी दिसू लागली की पेंडीचे पाणी थांबवा आणि ०:०:५० हे नुसत्या पालाशाचे विद्राव्य खत २ ग्रॅम प्रति लिटर, पंधरवड्यातून एकदा. पालाशाने देठ बळकट होतो आणि फूल टिकते. पाणी सकाळी द्यावे. बोट इंचभर खुपसून माती कोरडी लागली तरच. थंडीत ओल्या मातीत मुळे गुदमरतात आणि झाड तहानल्यासारखेच मान टाकते. मग माणूस आणखी पाणी घालतो आणि शेवंती जाते.

शेवंतीची फुले सुकली की झाड टाकून देऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत फांद्या १०-१५ सेंटिमीटर ठेवून कापा. बुंध्यातून नवे कोंब वर येतात, तेच पुढच्या वर्षाचे बियाणे. प्रत्येक रंगाची एक कुंडी चिठ्ठी लावून राखा, कारण पानांवरून रंग ओळखता येत नाही. एप्रिल-मेमध्ये ती दुपारच्या उन्हातून काढून झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत ठेवा, माती ओलसर असू द्या, खत देऊ नका. पहिल्या पावसानंतर शेंडे तरारले की छाटकलमे घ्यायला सुरुवात करा.